दोन मीटरचे रॉकेट: आधी काटा, मग गोंद

डिचोलीच्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे: मामाने अमेरिकेहून एस्टिस कंपनीचे ‘मीन मशीन’ हे रॉकेटचे किट आणून दिले आहे. उंची दोन मीटरहून थोडी जास्त. ते जसेच्या तसे बांधू, की 24 मिलिमीटर मोटरची जागा वाढवून 29 ची करू? वर कॅमेरा बसवता येईल का? आणि घरामागच्या शेतात उडवले तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे, म्हणून ते आधी देतो. नाही चालणार. किट म्हणजे कागदाच्या नळ्या, बाल्साची फळी आणि प्लॅस्टिकचे नाक, त्याला कोणाची हरकत नाही. पण मोटरमध्ये काळी दारू असते आणि आपल्याकडे ती 1884 च्या स्फोटक कायद्याखाली आणि 2008 च्या नियमांखाली येते. मामाने मोटरी आणल्या नाहीत हे बरेच झाले. विमानाच्या सामानात त्या कुठेच चालत नाहीत, ना हातातल्या बॅगेत ना खालच्या. शिवाय गोव्याचे आकाश केवढेसे! दाबोळी नौदलाची, मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीपासून सुरू, दोघांच्या मध्ये आपण. ड्रोनची परवानगी काढली म्हणजे रॉकेटचीही निघाली असे होत नाही. त्यामुळे उडवायचे ते परवाना असलेल्या संस्थेच्या किंवा स्पर्धेच्या छत्राखाली, मोटर त्यांनी पुरवलेली, पोलीस आणि विमानतळाची लेखी संमती हातात. मी फोंड्यात बांधतो आणि उडवायला घाटावर जातो. दिवाळीच्या बाणांतली दारू काढून पाइपात ठासणारे महाभाग दर वर्षी भेटतात. तू त्यांच्यातला नाहीस असे धरून पुढे लिहितो.

आता खरा विषय. मी तेरा वर्षे अमेरिकेत होतो, तिथल्या कोरड्या तळ्यांच्या पात्रांत हा नाद लागला. पहिले उंच रॉकेट बांधले तेव्हा तुझ्यासारखाच विचार केला होता: एवढे मोठे धूड, त्याला डी मोटर कशी पुरेल? 29 ची नळी घातली, तिला मधोमध धरणाऱ्या जाड प्लायच्या रिंगा घातल्या, पंखांच्या मुळाशी इपॉक्सी गोंद सढळ हाताने थापला. रॉकेट उड्डाणाच्या उभ्या रॉडवरून सुटले, दहा-बारा मीटर नीट गेले आणि मग एखादा दारुडा वाट सोडतो तसे आडवे झाले. चूक मोटरची नव्हती. चूक शेपटीतल्या त्या पंचवीस-तीस ग्रॅमची होती.

हिशेब असा. मोटरच्या नावातले अक्षर एकूण आवेगाचा वर्ग सांगते आणि प्रत्येक अक्षराला वर्गाची मर्यादा दुप्पट होते: डी म्हणजे 10 ते 20 न्यूटन-सेकंद, ई म्हणजे 20 ते 40. पुढचा आकडा सरासरी जोर, न्यूटनमध्ये. त्यापुढचा, मोटर विझल्यावर पॅराशूट बाहेर ढकलणारा बार होईपर्यंतचे सेकंद. मीन मशीनसाठी शिफारस आहे ती डी12-5 ची आणि या मोटरवर उड्डाणाच्या वेळचे वजन जास्तीत जास्त 283 ग्रॅम चालते. माझे दुसरे मीन मशीन रंगासकट 218 ग्रॅम भरले. मोटरचे साधारण 44 धरले की झाले 262. हातात उरले 21 ग्रॅम. तुझा कॅमेरा, तुझी जाड रिंग, तुझी इपॉक्सी, तुझा चकचकीत रंगाचा तिसरा हात, सगळे या 21 ग्रॅममध्ये बसवायचे आहे. म्हणून गोंदाच्या आधी काटा लागतो. एका ग्रॅमपर्यंत तोलणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो.

पण नुसते वजन मोजून भागत नाही, ते कुठे पडते तेही पाहावे लागते. उंच रॉकेट म्हणजे लांब दांडीचा तराजू. मोटरीसकट गुरुत्वमध्य शेपटीपासून पाऊण मीटर तरी वर असतो. शेपटीत 25 ग्रॅम वाढवले तर तो साडेसहा सेंटिमीटर खाली सरकतो. नळीची जाडी 41.6 मिलिमीटर, तिलाच एक कॅलिबर म्हणतात, म्हणजे दीड कॅलिबर गेले. तेवढ्याच वजनाच्या पण अर्ध्या मीटरच्या बुटक्या रॉकेटात हेच 25 ग्रॅम गुरुत्वमध्याला जेमतेम दीड-पावणेदोन सेंटिमीटर हलवतील. बुटक्यावर केलेले फेरफार उंचावर उलटतात ते यामुळे.

दाबकेंद्र, म्हणजे हवेचा आडवा दाब जिथे एकवटतो ती जागा, गुरुत्वमध्याच्या खाली एक कॅलिबर असली की रॉकेट स्थिर, हा नियम सगळे पाठ करतात. त्यामागचे गणित जेम्स बॅरोमन यांनी 1960 च्या दशकात मांडले. त्यात रॉकेट वाऱ्याला जवळजवळ समोरासमोर आहे असे गृहीत असते आणि नळीने पेललेला आडवा दाब जमेला धरलेला नसतो. नळी बुटकी असेल तर तो खरेच नगण्य. मीन मशीनची उंची जाडीच्या जवळजवळ 48 पट आहे. तुलनेला थुंब्याहून उडणारे आरएच-200 घे: सुमारे साडेतीन मीटर लांब, 20 सेंटिमीटर जाड, म्हणजे 17-18 पट. आपली काडी त्याहून कितीतरी सडपातळ! ती थोडी तिरकी झाली की नळीच्या मधल्या लांबीवर हवा दाबते, त्यामुळे दाबकेंद्र वर चढते आणि कागदावरचे ‘एक कॅलिबर’ आकाशात गायब होते. म्हणून मी कॅलिबर मोजत नाही, लांबीच्या आठ ते दहा टक्के अंतर ठेवतो, म्हणजे 16 ते 20 सेंटिमीटर. हा हिशेब करून देणारे ओपनरॉकेट हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात किटचे प्रत्येक अंग स्वतः तोलून टाक, आयत्या फाइलीतल्या वजनांवर विसंबू नकोस. दोरी बांधून गरगर फिरवण्याची जुनी चाचणी दोन मीटरच्या रॉकेटवर गच्चीवर करायला जाऊ नकोस. दोरी किती लांब लागेल याचा विचार कर, आणि शेजाऱ्यांचाही.

तर 29 चे काय? माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या बांधणीत नको. 29 मिलिमीटरच्या मोटरी मुख्यतः एफ आणि पुढच्या वर्गातल्या. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा नियमांत डी मोटरसाठी मैदानाची किमान रुंदी 500 फूट, म्हणजे दीडशे मीटर. ई पासून ती 1000 फूट. तीनशे मीटर मोकळे मैदान, ज्याच्या कडेला माड नाहीत, विजेच्या तारा नाहीत, असे गोव्यात तू मला दाखव. घाटावर मिळते, पण तिथेही दीडशेचे मिळणे आणि तीनशेचे मिळणे यात एका परवानगीचा फरक असतो. जास्त जोर हवाच असेल तर ई12 पाहा. मैदान तिलाही तीनशेचेच लागते, पण तिची जाडी तीच 24, फक्त लांबी 70 ऐवजी 95 मिलिमीटर. मोटर अडवणारा हूक आणि आतला ठोकळा तेवढा बदलावा लागतो. ते काम बांधतानाच करून ठेव, वजन दोन-तीन ग्रॅमनेच वाढते.

मी जे फेरफार आग्रहाने सांगेन ते वेगळ्या जागी आहेत. पहिला, रॉकेट नाकाशी उघडू नये, कमरेत उघडावे. मोटरच्या बाराने पॅराशूट बाहेर पडायला आतली हवा दाबली जावी लागते. एवढ्या लांब नळीत दोन लिटरहून जास्त हवा मावते, म्हणजे थंड पेयाची मोठी बाटली. डी मोटरच्या चिमूटभर दारूने ती फुगवायची आणि जोडातून वायू गळत असेल तर नाक जागचे हलतही नाही. कमरेत उघडले की काम लिटरभर हवेत होते. शिवाय अख्खी काडी दोरीला लटकून खाली आली तर आधी पंख टेकतात, मग वरचे टोक धाडकन आडवे पडते आणि नळीला मधोमध मोड येतो. दोन तुकडे झाले की प्रत्येक मीटरभराचा, पडतोही हलका.

नव्या किटमध्ये वाहतुकीसाठी मध्यावर फिरवून बसवायचा लॉक येतो. तिथे मी दहा सेंटिमीटरचा साधा कपलर, म्हणजे दोन नळ्या जोडणारा आतला नळीचा तुकडा, घालतो: चार सेंटिमीटर खालच्या भागात चिकटवलेला, सहा सरकता. तो खालच्याच भागाला चिकटवायचा, याला कारण आहे. बार झाल्यावर दोन्ही भागांना बांधणारी दोरी ताणली जाते आणि पातळ नळीच्या कडेवर बसली तर चेन उघडावी तशी नळी चिरत जाते. कपलरची कड दुहेरी जाड असल्याने दोरी तिथे हरते. पॅराशूट वरच्या भागाच्या तळाशी बसते, त्याच्यावर तीन मिलिमीटर प्लायची चकती आणि तिला लहानसा डोळा. दोरी केवलार या चिवट, उष्णता सोसणाऱ्या धाग्याची, चार मीटर. किटमधल्या रबराची पट्टी वापरायची तर ती केवलारच्या वरच्या टोकाला जोड, बाराच्या तोंडाशी नको. पॅराशूटभोवती नोमेक्स या सहज न पेटणाऱ्या कापडाचा वीतभर चौकोन. जेवणाच्या टेबलावरचा टिश्यू घालायचा मोह होतो, तो पेट घेतो.

या सरकत्या जोडाची कसोटी एकच: वरचा भाग हातात धरून रॉकेट उचल. खालचा भाग स्वतःच्या वजनाने निसटता कामा नये, पण हलकासा झटका दिला की सुटला पाहिजे. सैल वाटला तर मास्किंग टेपचा एक वेढा, घट्ट वाटला तर पॉलिश पेपर आणि चिमूटभर टाल्कम पावडर. आणि ही कसोटी उडवायच्या जागी, उडवायच्या सकाळी घ्यायची. मी एकदा सप्टेंबरअखेरीस फोंड्यात जोड लोण्यासारखा बसवला. कागद आपल्या हवेत ओल पिऊन फुगलेला असतो, हे माहीत असूनही लक्षात आले नाही. नोव्हेंबरात घाटावरच्या कोरड्या हवेत पोहोचेपर्यंत कपलर आकसला होता. मोटर विझली, पंखांच्या बाजूचा भाग हवेने मागे खेचला, जड वरचा भाग तसाच पुढे निघाला आणि ऐन वेगात दोघांनी फारकत घेतली. पॅराशूटच्या चार दोऱ्या तुटल्या. रॉकेट वाचले, कारण खाली नांगरलेले रान होते.

बांधणीबद्दल फार सांगत नाही, किटमधला कागद चांगला आहे. तीनच गोष्टी. नळ्या एका रेषेत जोडायला अॅल्युमिनियमच्या दुकानातून दोन मीटरचा एल अँगल आण आणि त्याच्या खोबणीत नळ्या झोपवून जोड. जोडाला एक अंशाचा बाक आला तर दोन मीटरवर तो नुसत्या डोळ्याला दिसतो आणि आकाशात त्याहून जास्त दिसतो. दुसरी, कायमच्या कपलरना फेविकोल लावू नकोस. कागद त्यातले पाणी शोषतो आणि कपलर अर्ध्या वाटेत असा पकडला जातो की मागे ना पुढे. वर सुकताना फेविकोल आकसतो आणि नळीवर बाहेरून खळगा उमटतो. तिथे हळू सुकणारे अॅरल्डाइट, बोटाने पातळ पुसलेले. पंखांना मात्र फेविकोलच: एक हात लावून सुकू द्यायचा, मग दुसरा हात लावून पंख बसवायचा. ही जोडणी इपॉक्सीहून हलकी आणि बाल्सापेक्षा मजबूत. पंख तुटलाच तर लाकडात तुटतो, जोडात नाही.

तिसरी गोष्ट आपल्या हवेची. कच्चा बाल्सा एका पावसाळ्यात पापडासारखा वळतो. पंखांवर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी साधा कागद चिकटव आणि जाड पुस्तकांखाली दोन दिवस दाबून ठेव. एकाच बाजूने चिकटवलास तर तूच तो वळवलास. स्प्रे रंग चतुर्थीच्या दिवसांत मारू नकोस, दमट हवेत वर पांढरट साय धरते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी मार, पातळ. अख्ख्या रॉकेटला तीन हात रंग म्हणजे 21 पैकी बारा-पंधरा ग्रॅम सहज गेले. मी फक्त पंख आणि वरचा हातभर भाग रंगवतो, बाकी नळीला सीलरचा एक पातळ हात. तो मात्र आतूनही हवा, नाहीतर बुरशी आणि कसर दोघेही पाहुणचाराला येतात. ठेवायचे आडवे, तीन जागी आधार देऊन. भिंतीला टेकवून ठेवलेले दोन मीटरचे रॉकेट जूनपर्यंत धनुष्य होते.

कॅमेरा. चावीच्या जुडग्याएवढे कॅमेरे पंधरा-वीस ग्रॅमचे येतात. बसव, पण वरच्या भागात. तिथे तो गुरुत्वमध्य वर खेचतो, त्यामुळे स्थिरतेला अपाय नाही. नळीच्या बाहेर टांगलास तर एकाच बाजूला हवा अडते आणि रॉकेट तिकडे कलते. नळीत खिडकी कापून आत बसव आणि भिंग जेमतेम बाहेर येऊ दे. मात्र कॅमेऱ्याने वजन 283 च्या वर नेले तर डी12-5 विसर. डी12-3 ची मर्यादा 396 ग्रॅम आहे. हे फक्त कागदावरचे नियम नाहीत. माझ्या अंदाजाने 260-270 ग्रॅमचे हे रॉकेट शंभर ते दीडशे मीटर चढते आणि मोटर विझल्यावर सव्वाचार-साडेचार सेकंदांत शिखर गाठते. त्याहून जड झाले की शिखर आणखी लवकर येते. पाच सेकंदांच्या बाराला तोवर ते नाक खाली करून वेग घेऊ लागलेले असते आणि मग दोरीला बसणारा हिसका तुझ्या कपलरची परीक्षा घेतो.

आता रॉड. किटवाले लोक यावर सर्वांत कमी विचार करतात आणि माझ्या मते उंच रॉकेटची निम्मी उड्डाणे इथेच बिघडतात. रॉकेटला दोन जागी कड्या असतात. वरची कडी रॉडच्या टोकाबाहेर गेली की आधार संपला, खालची एकटी काही धरत नाही. म्हणजे 1.2 मीटरच्या रॉडवर कड्या 60 सेंटिमीटर अंतराने असतील तर खरा आधार उरलेल्या 60 सेंटिमीटरचाच. डी12 चा जोर पाव सेकंदानंतर शिखराला जातो, 30 न्यूटनच्या आसपास. त्यामुळे या 60 सेंटिमीटरमध्ये वेग सेकंदाला नऊ मीटरपर्यंतच पोहोचतो. वारा सेकंदाला तीन मीटर असला तर रॉकेटला हवा 18 अंश तिरकी लागते. नळीवरच्या आडव्या दाबाचे मघाशी सांगितले, त्याचा खेळ इथे सुरू होतो. रॉकेट वाऱ्याच्या तोंडाकडे वळते आणि मोटर जळत असतानाच आडवे धावू लागते. खरा आधार 1.8 मीटरचा दिलास तर वेग सोळाच्या आसपास आणि तिरकेपणा दहा-अकरा अंश. म्हणून आठ फुटांची रेल वापर. तीन मिलिमीटरचा बारीक रॉड तर मुळीच नको, तो मासे धरायच्या गरीसारखा वाकतो आणि सुटताना चाबकासारखा उसळतो. अॅल्युमिनियमचा खाचेचा सेक्शन 25 मिलिमीटरचा मिळतो, त्याच्या खाचेत बसणारी प्लॅस्टिकची बटणे रॉकेटला लाव. एक बटण शेपटीजवळ आणि दुसरे गुरुत्वमध्याच्या जरा खाली.

वाऱ्याची वेळ आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. सकाळी हवा पडलेली, अकराच्या सुमारास समुद्राकडून झुळूक सुरू, दुपारी पाने सळसळायला लागतात. घाटमाथ्यावरही मी साडेसात ते साडेनऊ एवढाच वेळ धरतो. ताशी दहा किलोमीटरच्या वर वारा असला तर डबा उघडून पोहे खातो आणि परत येतो. पॅराशूट मोठे घ्यायचा हट्ट करू नकोस. 230 ग्रॅमला 50 सेंटिमीटरचे पुरते, सेकंदाला पाच मीटर वेगाने उतरवते. दीडशे मीटरवरून अर्धा मिनिट लागतो आणि तेवढ्यात तीन मीटरचा वारा त्याला नव्वद मीटर नेतो. पॅराशूट 75 चे केलेस तर दीडपट लांब जाईल, आणि आपल्याकडे नव्वद मीटरच्या पुढे कायम एक माड उभा असतो. बाटलीतल्या पाण्याची रॉकेटे आम्ही फोंड्याला मुलांसाठी उडवतो, त्यातली दोन उतरवायला पाडेलीला बोलवावे लागले होते. त्याने नारळ पाडायचा दर लावला, रॉकेटचा वेगळा.

सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या सड्यावर किंवा सरद, म्हणजे पावसाळी भात, कापून झालेल्या शेतात कधी रीतसर परवानगी मिळालीच, तर आधी विचार की तिथे वायंगण, म्हणजे हिवाळी भात, करतात का. करत असतील तर नांगर लागायच्या आत दोन-तीन आठवडेच जमीन मोकळी मिळते. फेब्रुवारीनंतरचा सडा म्हणजे सुके करड, वाळलेले गवत, आणि कडेला काजूच्या बागा. एका ठिणगीत एखाद्या घरचे वर्षाचे उत्पन्न जाईल. रेलच्या पायाशी लोखंडी पत्रा, आजूबाजूचे गवत दोन मीटरपर्यंत काढलेले, चार बादल्या पाणी आणि भिजवलेली गोणपाटे. माणसे डी मोटरला निदान पाच मीटर दूर ठेवतात, मी उंच रॉकेटला दहा ठेवतो, कारण ते पडले तर दोन मीटर लांब पडते. बटण दाबूनही पेटले नाही तर बटणाच्या पेटीची चावी काढून घ्यायची आणि पूर्ण एक मिनिट कोणी जागचे हलायचे नाही. बहुतेक वेळा तारेची चिमटी सुटलेली असते.

तेव्हा आता असे कर. पेटी उघड, गोंदाची बाटली कपाटात ठेव आणि प्रत्येक नळी, प्रत्येक रिंग, नाक, पंखांची फळी, पॅराशूट वेगवेगळे तोलून वहीत लिही. कॅमेराही तोल, त्याच्या बॅटरीसकट. ती यादी मला पाठव. 29 च्या नळीची गोष्ट अजूनही डोक्यात असेल तर तिचेही वजन खाली लिही, आणि शेपटीपासूनचे अंतर.